न विचारता मिटलेले कॉन्फ्लिक्ट

मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट आला की सगळ्या टीमला कळतं. फाइलमध्ये कोनी कंसांच्या रांगा उभ्या राहतात, कमिट अडतं, कुणीतरी ग्रुपवर विचारतं, ‘या ओळीला हात कुणी लावला?’ डोकेदुखी खरीच, पण निदान माणूस थांबतो आणि बघतो. ज्या मर्जमध्ये टूलने दोन्हीकडचे बदल परस्पर जुळवले आणि एका ओळीत ‘झालं’ म्हणून सांगितलं, तिथे कुणीच थांबत नाही. रोजच्या कामात अशाच मर्जची संख्या जास्त असते. व्हर्जन कंट्रोलच्या पन्नासेक वर्षांत हे आपोआप जुळवणं कसं घडत गेलं, ते कुठे चुकतं आणि आजची टूल्स त्याचा माग कितपत ठेवतात, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. टूल किती हुशारीने जुळवतं याला मी दुय्यम मानतो. जुळवलेलं नंतर बघता येतं का, आणि ‘जुळलं’ व ‘तपासलं’ या दोन अवस्था टूल वेगळ्या ठेवतं का, यावर त्याची किंमत करावी.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता, कारण दोघांना एका फाइलवर एकाच वेळी काम करूच दिलं जात नसे. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ च्या सुमारास लिहिलेलं एससीसीएस आणि पर्ड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिकी यांचं १९८२ चं आरसीएस, दोन्हींचा भरवसा कुलपावर. फाइल घ्यायची, कुलूप लावायचं, काम झालं की परत करायची. कुलूप लावणारा रजेवर गेला की बाकीचे हात चोळत बसायचे.

ॲमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठात डिक ग्रून दोन विद्यार्थ्यांबरोबर एका सी कंपायलरवर काम करत होते. तिघांच्या कामाच्या वेळा जमेनात, म्हणून त्यांनी आरसीएसच्या डोक्यावर काही शेल स्क्रिप्ट बसवल्या, कुलूप काढून टाकलं आणि १९८६ मध्ये त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. तेच सीव्हीएस. बदल आधी करा, जुळवाजुळव नंतर, हा रिवाज तिथून रूढ झाला. जुळवायचं साधन मात्र आधीपासून हाताशी होतं. डग्लस मॅकिलरॉय यांचं डिफ युनिक्समध्ये सत्तरच्या दशकातच आलं होतं आणि तीन फाइली ताडून बघणारं डिफ३ही त्याच दशकात आलं.

आजही बहुतेक टूल्सच्या पोटात हा तीन फाइलींचा हिशेबच चालतो. एक तुमची प्रत, एक समोरच्याची आणि एक दोघांची मूळ प्रत, म्हणजे जिथून तुमच्या वाटा फुटल्या ती. एखाद्या ठिकाणी फक्त एकाच बाजूने बदल केला असेल तर तो घ्यायचा. दोघांनी अगदी सारखाच बदल केला असेल तर तोही घ्यायचा. दोघांनी वेगवेगळा बदल केला असेल तर कॉन्फ्लिक्ट. नियम इतकाच. यात प्रोग्रामची भाषा कोणती, फंक्शन कुठे संपतं, आकडा कशाचा, यातलं काहीही टूलला ठाऊक नसतं. त्याला ओळी दिसतात.

आता हा नियम जवळून बघू. एका फाइलमध्ये ‘आवृत्ती = ४’ अशी ओळ आहे. डेटाबेसची रचना बदलली की आकडा एकाने वाढवायचा, असा टीमचा संकेत. तुम्ही एक टेबल बदललं आणि ५ केलं. सहकाऱ्याने दुसरं टेबल बदललं, त्यानेही ५ केलं. मर्ज करताना टूल बघतं की दोघांनी सारखाच बदल केलाय, आणि ५ घेऊन मोकळं होतं. हवं होतं ६. कॉन्फ्लिक्ट आला असता तर दोघांपैकी एकाच्या लक्षात आलं असतं. इथे एकमत झालं, म्हणून चूक झाली. जँगोने या जातीची अडचण ओळखून डेटाबेस मायग्रेशनची साखळी स्वतः तपासायची सोय ठेवली आहे. दोन टोकं सुटी दिसली की ते अडतं आणि जोडणारं मायग्रेशन मागतं. व्हर्जन कंट्रोल जे बघू शकत नाही, ते फ्रेमवर्कला बघावं लागतं.

दुसरा प्रकार रिव्हर्टचा. मुख्य ब्रँचवर एक दुरुस्ती झाली आणि तीच चेरी-पिक करून रिलीज ब्रँचवर नेली. रिलीजवर कळलं की दुरुस्तीनेच नवा घोळ झालाय, म्हणून तिथे ती रिव्हर्ट केली. पुढे कधीतरी मुख्य ब्रँच रिलीजमध्ये मर्ज झाली. टूल फक्त टोकं बघतं. मूळ प्रतीत दुरुस्ती नाही, रिलीजच्या टोकाला नाही, मुख्य ब्रँचच्या टोकाला आहे. म्हणजे बदल एकाच बाजूने झाला, तो घ्या. रिलीजवर कुणीतरी विचारपूर्वक काढून टाकलेली गोष्ट चोरपावलांनी परत आली. वाटेत केलेली आणि मागे घेतलेली गोष्ट या हिशेबात कुठेच येत नाही. गिटच्या दस्तऐवजात हे वर्तन स्पष्ट लिहून ठेवलंय, त्यामुळे त्याला बग म्हणायची सोय नाही.

तिसरा प्रकार सगळ्यांत ओंगळ. समजा एका ब्रँचवर पैसे भरण्याचं फंक्शन रुपयांऐवजी पैशांत रक्कम घेऊ लागलं, आणि त्याला बोलावणाऱ्या सगळ्या जागा तो बदल करणाऱ्या बाईने इमानेइतबारे बदलल्या. त्याच आठवड्यात दुसऱ्या ब्रँचवर कुणीतरी नव्या फाइलमध्ये त्याच फंक्शनला रुपयांत रक्कम पाठवली. दोन फाइली वेगळ्या, ओळी वेगळ्या, मर्ज स्वच्छ. दोन्हीकडे पूर्णांकच, म्हणून कंपायलरही गप्प. दोन्ही ब्रँचवरच्या टेस्ट आपापल्या जागी पास झालेल्या. पाचशे रुपयांच्या जागी पाच रुपये कापले जाऊ लागले की मग शोधाशोध. अशा कॉन्फ्लिक्टना अर्थाचे, म्हणजे सिमँटिक कॉन्फ्लिक्ट म्हणतात. बेल्जियन संशोधक टॉम मेन्स यांनी २००२ मध्ये सॉफ्टवेअर मर्जिंगचा जो मोठा आढावा लिहिला, त्यात मजकुराचे, व्याकरणाचे आणि अर्थाचे कॉन्फ्लिक्ट असे थर त्यांनी नीट उलगडले होते. मजकुराचा थर टूल्सनी बऱ्यापैकी जिंकला. अर्थाचा थर अजून आपल्यावरच आहे.

हे किती वेळा होतं? युरी ब्रुन, रीड होम्स, मायकल अर्न्स्ट आणि डेव्हिड नॉटकिन यांनी २०११ मध्ये नऊ ओपन सोर्स प्रकल्पांचा इतिहास तपासला. त्यातल्या तीन प्रकल्पांत त्यांनी मर्ज पुन्हा करून बिल्ड आणि टेस्टही चालवल्या. टूलने स्वच्छ म्हणून दिलेल्या मर्जपैकी जवळजवळ एक-तृतीयांश मर्ज बिल्डला किंवा टेस्टला अडखळले. तीन प्रकल्पांवरून सगळ्या जगाचं अनुमान काढू नये, पण ‘कॉन्फ्लिक्ट आला नाही म्हणजे काळजी नाही’ ही समजूत मोडायला एवढा आकडा पुरे आहे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये एक ‘गोटू फेल’ ओळ लागोपाठ दोनदा आली होती. दुसरी ओळ कुठल्याच अटीखाली नव्हती, त्यामुळे सर्व्हरच्या सहीची खरी तपासणी व्हायच्या आधीच फंक्शन बाहेर पडायचं, तेही यशस्वी होऊन. हे चुकलेल्या मर्जमुळे झालं असावं असा तर्क तेव्हा बऱ्याच अनुभवी मंडळींनी केला. ॲपलकडून त्याला दुजोरा मिळाला नाही, म्हणून तो तर्कच. पण तो इतक्या जणांना पटकन सुचला, कारण ओळ दुप्पट होण्याची ही जात ओळखीची आहे. दोन्ही बाजूंनी एकच ओळ थोड्या वेगळ्या जागी घातली, मध्ये एखादी न बदललेली ओळ असली, की टूल दोन्ही ठेवतं.

ओळ आणि बाइट यांपलीकडे टूलला काही दिसत नाही, याचा एक देशी नमुना मराठी भाषांतराच्या फाइलींवर काम करणाऱ्यांच्या वाट्याला येतो. ‘ॲप’मधला ॲ युनिकोडमध्ये एका स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो, आणि अ ला चंद्र जोडूनही लिहिता येतो. ‘दुसऱ्या’मधल्या ऱ्य चेही असेच दोन मार्ग. दोन भाषांतरकार, दोन कीबोर्ड, आणि कॉन्फ्लिक्टच्या दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी दिसणारी ओळ. इथे टूल उगाच ओरडतं, एवढंच बरं.

आता टूल्सकडे वळू. जुळवल्यावर ती काय सांगतात आणि कुठे थांबतात, यात बराच फरक आहे. सबव्हर्जनमध्ये अपडेट केलं की प्रत्येक फाइलपुढे एक अक्षर येतं. नुसती नवी झाली असेल तर यू, कॉन्फ्लिक्ट असेल तर सी, आणि तुमचे व सर्व्हरवरचे बदल आपोआप जुळवले असतील तर जी. हे जी अक्षर मला आवडतं. या फाइलमध्ये माझ्या हाताखालून काहीतरी जुळवलं गेलंय, हे एका अक्षरात कळतं. शिवाय हे सगळं तुमच्या मशीनवरच्या प्रतीत होतं, कमिट तुम्ही वेगळं करायचं असतं. मर्क्युरियलही मर्ज झाल्यावर किती फाइली जुळवल्या आणि किती उरल्या हे मोजून सांगतं, आणि सगळं स्वच्छ जुळलं तरी स्वतः कमिट करत नाही. कमिट करायला विसरू नका, अशी वर आठवण करतं. पर्फोर्समध्ये तर जोखीम किती घ्यायची हे निवडता येतं. एकाच बाजूने बदललेल्या फाइली तेवढ्या आपोआप घ्या, किंवा कॉन्फ्लिक्ट नसलेलं सगळं जुळवा, किंवा कॉन्फ्लिक्टच्या खुणांसकट ढकला. शेवटचा पर्याय कुणी जाणूनबुजून का वापरावा ते मला कधी उमगलं नाही, पण तो निवडावा लागतो, एवढं खरं.

गिटची चाल वेगळी. मर्ज स्वच्छ असेल तर गिट लगेच कमिट करून टाकतं. एप्रिल २०१२ च्या १.७.१० पासून कमिटचा संदेश लिहायला एडिटर उघडू लागला, पण त्यात मर्ज का केला हे लिहायचं असतं, काय जुळवलं ते दाखवलेलं नसतं. शिवाय बहुतेक जण तो न वाचताच बंद करतात. हवं असेल तर ‘नो-कमिट’ देऊन थांबता येतं. माझ्या मते मर्क्युरियलचा रिवाज जास्त शहाणा होता. गिट जिंकलं ते वेगामुळे आणि लिनक्सच्या पुण्याईने. या बाबतीतल्या शहाणपणाचा त्यात वाटा नव्हता.

गिट २००५ च्या एप्रिलमध्ये जन्मलं, बिटकीपरचा फुकट परवाना गेल्यानंतर. मर्ज साधा आणि अंदाज करता येईल असा असावा, अवघड ते माणसाने बघावं, ही लिनस टॉरवाल्ड्स यांची भूमिका होती. ब्रॅम कोहेन यांच्यासारखे लोक तेव्हा इतिहासातली प्रत्येक पायरी जमेस धरणाऱ्या मर्जची बाजू मांडत होते. डार्क्स हे टूल त्याहून पुढे जाऊन प्रत्येक बदलाला स्वतंत्र पॅच मानत होतं. वरच्या रिव्हर्टच्या उदाहरणात डार्क्सची दृष्टी जास्त प्रामाणिक ठरते, पण काही कॉन्फ्लिक्टपाशी त्याचा जुना हिशेब इतका फुगायचा की माणूस टूलची वाट बघत बसायचा. त्याच घराण्यातलं पिजुल, आणि गूगलमधून आलेलं जुजुत्सू, कॉन्फ्लिक्टलाच इतिहासात जागा देतात. जुजुत्सूमध्ये कॉन्फ्लिक्टसकट कमिट होतं, ते पुढे नेता येतं, सवडीने सोडवता येतं. टूलवर घाईने काहीतरी ठरवून टाकायची वेळच येत नाही.

गिटमध्येही साधेपणा टिकला नाही, टिकणं शक्यही नव्हतं. दोन ब्रँच एकमेकींत आलटूनपालटून मर्ज झाल्या की मूळ प्रत एक उरत नाही. मग गिट त्या मूळ प्रतींचाच आधी मर्ज करून एक काल्पनिक मूळ बनवतं. त्या मर्जमध्ये कॉन्फ्लिक्ट आला तर खुणांसकटच तो मजकूर मूळ म्हणून पुढे वापरतं. आतले कंस बाहेरच्या कंसांत अडकलेले ज्यांनी पाहिलेत त्यांना हे आता कळेल. २०२१ च्या नोव्हेंबरमधल्या २.३४ पासून हे काम एलिजा न्यूरेन यांनी नव्याने लिहिलेलं ‘ऑर्ट’ करतं. ते बरंच वेगवान आहे, नाव बदललेल्या फाइलींच्या बाबतीत जास्त नेमकं आहे.

नाव बदलण्यावरून घडलेला एक किस्सा या सगळ्या विषयाचा गाभा दाखवतो. एका ब्रँचवर अख्ख्या फोल्डरचं नाव बदललं आणि दुसऱ्या ब्रँचवर जुन्या फोल्डरमध्ये नवी फाइल आली, तर ती फाइल कुठे जावी? २०१८ च्या २.१८ मध्ये गिट हे ओळखू लागलं आणि फाइल नव्या फोल्डरमध्ये मुकाट्याने हलवू लागलं. बहुतेकदा तेच बरोबर असतं. तरी पुढच्या वर्षी, २.२२ मध्ये, गिटने हे मुकाट्याने करणं सोडलं. फाइल नव्या जागी ठेवायची, पण कॉन्फ्लिक्ट म्हणून नोंदवायची आणि माणसाकडून होकार घ्यायचा, हे आता न सांगता मिळणारं वर्तन आहे. टूलचा अंदाज तोच राहिला, फक्त तो कळवला जाऊ लागला. अशी माघार सॉफ्टवेअरमध्ये क्वचित दिसते, कारण ‘कमी त्रास’ हे विकायला सोपं असतं.

‘रेरेरे’ हे गिटमधलं २००६ पासूनचं साधन याच धाग्यातलं. एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट ते लक्षात ठेवतं आणि तोच पुन्हा आला की जुनी सोडवणूक लावतं. लांबलेल्या ब्रँचवर वारंवार रिबेस करणाऱ्यांना ते वरदान आहे. स्टीफन रॉथवेल यांनी २००८ पासून वर्षानुवर्षे चालवलेल्या लिनक्स-नेक्स्टसारख्या कामात, जिथे शेकडो शाखा पुन्हापुन्हा जुळवाव्या लागतात, अशा साधनावाचून माणूस वेडा होईल. पण ते कॉन्फ्लिक्ट ओळखतं कशावरून? दोन्ही बाजूंच्या मजकुरावरून. फाइलचं नाव त्यात धरलेलं नसतं. म्हणजे एका फाइलमध्ये घाईने चुकीचा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट, तसाच मजकूर दुसरीकडे भिडला तर तिथेही त्याच चुकीने सुटेल. म्हणून गिट इथे आपणहून एक पायरी राखून ठेवतं. सोडवणूक फाइलमध्ये लिहिली जाते, खुणा जातात, पण स्टेटसमध्ये फाइल ‘दोघांनी बदललेली’ म्हणूनच दिसते आणि कमिट अडलेलंच राहतं. तुम्ही बघून ‘गिट ॲड’ करायचं. ‘ऑटो-अपडेट’ चालू केलं की ही पायरी जाते. रेरेरे सगळ्यांनी चालू करावं, ऑटो-अपडेट कुणीच नाही, असं मी नव्या मुलांना सांगतो. चुकीची आठवण पुसायला ‘रेरेरे फर्गेट’ आहे, ते बहुतेकांना माहीत नसतं, आणि ही स्मृती ज्याच्या त्याच्या मशीनवरच राहते, त्यामुळे शेजाऱ्याच्या मशीनवर तोच कॉन्फ्लिक्ट वेगळा सुटू शकतो. एडिटरही यात हात घालतात. इमॅक्समध्ये शेवटची खूण काढून फाइल सेव्ह केली की ती सोडवलेली म्हणून आपोआप नोंदते. सोयीचं आहे, सेटिंग बदलून बंदही करता येतं.

सरसकट एक बाजू घ्यायचे पर्याय मात्र जपून. ‘अवर्स’ हा शब्द गिटमध्ये दोन ठिकाणी येतो. पर्याय म्हणून दिला तर फक्त भिडलेल्या जागी आपली बाजू घेतली जाते आणि बाकीचं दोघांचं जुळतं. स्ट्रॅटेजी म्हणून दिला तर समोरच्या ब्रँचचं सगळं काम टाकून दिलं जातं, आणि इतिहासात मात्र ते मर्ज झालेलं दिसतं. त्यात रिबेस करताना आपली आणि समोरची बाजू उलटी होते.

फाइलीच्या जातीप्रमाणे वेगळी वागणूक देणं हा यातला सर्वांत फायदेशीर भाग, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित. पॅकेजच्या लॉक-फाइली हाताने जुळवण्यात अर्थ नसतो, कारण त्या पुन्हा काढता येतात. यार्न १.० पासून आणि एनपीएम ५.७ पासून ही टूल्स लॉक-फाइलमधला कॉन्फ्लिक्ट स्वतःच सोडवतात. हे आपोआप सोडवणं मला मान्य आहे, कारण इथे टूलला फाइलचा अर्थ ठाऊक आहे. बदलांच्या यादीसाठी गिटमध्ये ‘युनियन’ मर्ज आहे, दोन्हीकडच्या ओळी ठेवतो आणि कधीच भांडत नाही. यादीला ठीक. तोच एक्सकोडच्या प्रोजेक्ट फाइलला लावला तर कंस जुळत नाहीत आणि प्रोजेक्ट उघडत नाही. गिटलॅबने या यादीच्या कॉन्फ्लिक्टना कंटाळून प्रत्येक बदलासाठी वेगळी छोटी फाइल ठेवायला सुरुवात केली आणि प्रकाशनाच्या वेळी त्या सगळ्या जोडल्या. कॉन्फ्लिक्ट सोडवण्यापेक्षा तो होणारच नाही अशी मांडणी करणं स्वस्त पडलं.

कोडची रचना समजून मर्ज करण्याचा प्रयत्न संशोधनात बराच झाला. जर्मनीत स्वेन आपेल, ब्राझीलमध्ये पाउलो बोर्बा यांच्या गटांनी त्यावर वर्षं घालवली. अलीकडचं मर्गिराफ अनेक भाषांची रचना ओळखून गिटच्या जोडीने काम करतं. दोघांनी एकाच यादीत वेगवेगळे इम्पोर्ट घातले, अशा फुटकळ भांडणांतून ते सोडवतं. पण रुपये-पैशांच्या उदाहरणात रचना बिनचूक होती.

तिथे टेस्टच लागते, आणि तीही मर्ज झालेल्या कोडवर. ग्रेडन होअर यांनी रस्टच्या सुरुवातीपासून धरलेला नियम हाच होता, की सगळ्या टेस्ट पास होणाराच कोड मुख्य ब्रँचवर राहील याची काळजी यंत्राने घ्यावी. त्यातून बॉर्स हे टूल आलं. गिटहबची मर्ज क्यू २०२३ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, तीही त्याच वाटेवर. ब्रँचवरची हिरवी खूण कालच्या मुख्य ब्रँचसाठी असते. आज मधे चार मर्ज आत गेलेले असतात. क्यू ते चार धरून पुन्हा टेस्ट चालवते. मात्र टेस्टच लिहिलेल्या नसतील तर क्यू नुसता उशीर करते.

आता एडिटरमध्ये ‘एआयने सोडवा’ अशी बटणं आली आहेत. भाषेची मॉडेल्स दोन्ही बाजूंचा हेतू ओळखून नवीन ओळी लिहितात, आणि पुष्कळदा छान लिहितात. डिफ३ निदान दोघांपैकी कुणीतरी लिहिलेलंच उचलतं, मॉडेल तिसरंच काही लिहू शकतं. गिटच्या शब्दकोशात अशा मर्जला ‘दुष्ट मर्ज’ म्हणतात, कुठल्याच पालकात नसलेला बदल ज्यात घुसलाय असा. आणि रेरेरे चालू असेल तर मॉडेलने लिहिलेलं ते माणसाचं म्हणून लक्षात ठेवतं.

माग काढायला २०२२ च्या एप्रिलमधल्या २.३६ ने एक फार उपयोगी गोष्ट दिली, ‘रिमर्ज-डिफ’. गिट जुना मर्ज पुन्हा स्वतः करून बघतं आणि नोंदलेल्या मर्जशी ताडतं. माणसाने, मॉडेलने किंवा रेरेरेने जे काही वेगळं केलं ते समोर येतं. रिव्ह्यूत मर्ज कमिट बघणारे थोडे, आणि जे बघतात त्यांना आतापर्यंत धड काही दिसत नव्हतं. त्याची मर्यादाही त्याच्या व्याख्येतच आहे. स्वच्छ जुळलेल्या मर्जचं रिमर्ज-डिफ कोरं येतं. आवृत्तीचा हुकलेला आकडा, परत आलेली दुरुस्ती, रुपये-पैसे, यांपैकी काहीही त्यात दिसणार नाही. त्यासाठी पहिल्या पालकाशी ताडून, या मर्जमुळे ब्रँचवर नेमकं काय आलं, ते वाचावं लागतं. स्क्वॉश करून मर्ज करणाऱ्या टीमला तर दुसरा पालकच उरत नाही. मर्ज कसा जुळवला होता हे त्या इतिहासातून कुणालाही काढता येत नाही.

माझ्या मशीनवर रेरेरे चालू, ऑटो-अपडेट बंद, कॉन्फ्लिक्टची शैली ‘झेडडिफ३’, म्हणजे दोन्ही बाजूंबरोबर मूळ मजकूरही दिसतो. युनियन फक्त एका यादीच्या फाइलला. रिलीज ब्रँचवर मर्ज असेल तर ‘नो-कमिट’, आणि दोन्हीकडे हात लागलेल्या फाइलींची यादी काढून त्या डोळ्यांखालून घालतो, कॉन्फ्लिक्ट आलेला असो वा नसो. यादी सहसा लहान असते.